गुब्बीला उत्तर

टण्ण.

रविवारची दुपार, सव्वादोन. घरात तीन माणसं, पैकी दोन झोपलेली, तिसरी मी. ओट्यावरचं डोशाचं पीठ फुगलं आणि त्याने वरचं स्टीलचं झाकण खाली ढकलून दिलं. झाकण फरशीवर बराच वेळ गोल गोल फिरत राहिलं, मग दमून थांबलं. माझ्या लेकीने, देवश्रीने कूस बदलली, उशीखाली हात घालून आपला टॉर्च जागेवर आहे ना ते झोपेतच चाचपलं, आणि परत शांत झाली. म्हणजे अजून तासभर तरी माझा आहे.

आंबणारी वस्तू कोणाच्या परवानगीसाठी थांबत नाही, हे एक गंभीर सत्य आहे. आमच्या घरात ते झाकण पडल्यावर कळतं. आमच्या कंपनीत ते कळण्यासाठी तीन समित्या, दोन सर्वेक्षणं, एक लाख चाळीस हजार बाटल्या आणि एक माणूस लागला. पण कंपनीने ते पद्धतशीरपणे शिकून घेतलं, याला मी साक्षीदार आहे. इतिवृत्त माझ्याच हातचं आहे.

आमची कंपनी बिअर बनवते. कचेरी बंगळुरातल्या कोरमंगलात, कारखाना इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे. आमच्या 'अंबारी'च्या बाटलीवर दसऱ्याचा हत्ती आहे, आणि राज्यात विकल्या जाणाऱ्या दर दहा बाटल्यांमागे साडेसहा आमच्या असतात. (अर्धी बाटली कोण विकत घेतं, याचा अभ्यास चालू आहे.) मी तिथे 'चव व नोंदी' विभागात आहे. देवश्रीच्या वेळी मी चव सोडली, तेव्हापासून माझ्याकडे नोंदी राहिल्या. बायकांच्या बाबतीत कंपनी फार उदार आहे. बाळंतपणाची रजा संपवून परत आले त्याच दिवशी आमचे मार्केटिंगचे प्रमुख नागराज सर म्हणाले, की आता तुम्हाला बाहेर फिरणं नको, दगदग नको. यापुढे सगळ्या समित्यांचं इतिवृत्त तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे. (इतिवृत्त संगणकावर टाइप होतं.)

तर गेल्या वर्षी बाजारात 'गुब्बी' आली. गुब्बी म्हणजे कन्नडमध्ये चिमणी. होसकोटेच्या रस्त्यावर एका शेडमध्ये पवित्रा नावाची मुलगी ही बिअर बनवते. रागीची, म्हणजे आपल्या नाचणीची, जराशी गढूळ, पेल्यात ओतली की पातळ ताकासारखी दिसणारी. पवित्रा पूर्वी आमच्याकडेच होती. चार वर्षांपूर्वी तिने हीच बिअर आमच्या नवोपक्रम समितीपुढे ठेवली होती. समितीने पेले उजेडात धरले आणि बिअर गढूळ आहे असा एकमताने निर्णय दिला. पवित्रा म्हणाली, हो, ती तशीच आहे. दोष मान्य केल्याची नोंद झाली.

प्रतिस्पर्ध्याच्या यशाला आघाडीच्या कंपनीने कसं उत्तर द्यावं, याची एक शास्त्रशुद्ध पद्धत आहे. पहिली पायरी म्हणजे लक्ष न देणं. आम्ही अकरा आठवडे लक्ष दिलं नाही. हे वाटतं तितकं सोपं नाही. त्यासाठी सहा जणांचा कक्ष नेमला होता, आणि आपण कुठेकुठे लक्ष दिलं नाही याचा तक्ता तो दर सोमवारी सादर करत असे. कचेरीत गुब्बीचं नाव घ्यायला मनाई होती; 'संबंधित पक्षी' म्हणायचं. माझा नवरा उपेंद्र एका सरकारी संशोधन संस्थेत आहे आणि समित्या त्याला नव्या नाहीत. त्याने एका शनिवारी घरी संबंधित पक्ष्याच्या दोन बाटल्या आणल्या, तेव्हा मी त्या टोमॅटोंच्या पिशवीखाली ठेवल्या. लक्ष न देण्यातला तो माझा वैयक्तिक वाटा.

दुसरी पायरी, अभ्यास. बाराशे ग्राहकांना विचारलं, की तुम्ही संबंधित पक्षी का पिता. एकाहत्तर टक्के म्हणाले, आवडते. हे उत्तर फारच मोघम म्हणून बाद झालं. दुसऱ्या सर्वेक्षणात 'आवडते' हा पर्यायच काढून टाकला, तेव्हा चित्र स्पष्ट झालं: चौसष्ट टक्के लोक ती चिमणीमुळे पितात. (उरलेल्या छत्तीस टक्क्यांनी फॉर्मवर जे लिहिलं ते इतिवृत्तात घेता आलं नाही.) म्हणजे मुद्दा बिअरचा नव्हताच, पक्ष्याचा होता. आणि पक्षीच हवा तर तो चिमणीपेक्षा मोठा हवा, हे ओघाने आलं. मोराला सरकारी मान आहे, गरुडाला धार्मिक. घारीचा चेहरा मनमिळाऊ नाही. शेवटी पारव्यावर एकमत झालं. पारवा न आलेली बाल्कनी बंगळुरात नाही, त्यामुळे ओळख करून द्यायला नको. कोणीतरी म्हणालं, की लोक पारव्यांना हाकलायला बाल्कनीला जाळ्या लावून घेतात. नागराज सर म्हणाले, "बघा, किती मनावर घेतलंय लोकांनी."

तिसरी पायरी, जागा अडवणं. शिवाजीनगरपासून सुरुवात केली. दुकानदारांना नवेकोरे फ्रिज फुकट दिले. अट एकच, आत दुसऱ्या कंपनीची बिअर ठेवायची नाही. गुब्बी फ्रिजमधून निघून भाजीच्या क्रेटमध्ये, बर्फात जाऊन पडली. पंधरा दिवसांनी असं आढळलं, की लोकांना बर्फातली बाटली जास्त ताजी वाटते. मग आम्ही तातडीने चार हजार क्रेट वाटले, हत्तीचं चित्र असलेले. आता शिवाजीनगरात गुब्बी आमच्या क्रेटमध्ये मिळते, आणि आमच्या फ्रिजमध्ये दुकानदारांचे जेवणाचे डबे, दही, मोगऱ्याचे गजरे, आणि एकाकडे सासऱ्यांचं इन्सुलिन असतं. (अटीचा भंग नाही. इन्सुलिन ही बिअर नव्हे.)

चौथी पायरी, प्रत्यक्ष बिअर. ही सहसा सर्वांत शेवटी सुचते.

इथे आप्पाजी येतात. आप्पाजी हुक्केरी, मूळचे चिकोडीकडचे, घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. कारखान्यात तीस वर्षं झालेली. बाटल्यांच्या पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला त्यांचं स्टूल, समोर दिवा. बाटली दिव्यापुढे धरायची. पलीकडची दिव्याची तार स्वच्छ दिसली तर बाटली पुढे, धूसर दिसली तर माल परत गाळणीला. हा नियम क्रमांक चौदा. कंपनी सुरू झाली त्या वर्षी लिहिलेला, आणि तेव्हापासून त्याला कोणी हात लावलेला नाही. तीस वर्षांत आप्पाजींच्या समोरून एकही गढूळ बाटली बाहेर गेली नव्हती. असं ज्याचं होतं त्याचं नाव पितळी पट्टीवर कोरून कँटीनच्या भिंतीवर लावतात. आजवर चार नावं लागली आहेत. पाचव्यासाठी सुताराने आधीच दोन भोकं पाडून ठेवली होती. आप्पाजी जेवताना मुद्दाम त्या भिंतीकडे पाठ करून बसत, आपण भोकांकडे बघतो असं कोणाला वाटायला नको म्हणून. त्यांची थोरली बहीण भागुबाई ती पट्टी बघायला चिकोडीहून येणार होती. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा सहज आठवलं असं दाखवून.

बिअर बनवण्यातही त्यांच्याइतकं जाणतं कोणी नाही. पवित्रा त्यांच्याच हाताखाली शिकली. नागराज सरांनी त्यांना सांगितलं, चिमणीसारखीच पाहिजे, पण मोठी. आप्पाजींनी तीन आठवड्यांत छोट्या टाकीत काढून दाखवली. समितीच्या नऊ जणांनी चव घेतली. मग सहा जणांनी दुसरा पेला मागितला. दुसरा पेला पद्धतीत बसत नाही, म्हणून मी 'समाधानकारक' असं लिहिलं.

त्याच बैठकीत आप्पाजींनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. वहीचं पान, निळं पेन, सरळ ओळी. 'पारवा गढूळच बाहेर पडायला पाहिजे असेल तर आधी नियम चौदा लेखी बदलावा. नाहीतर पट्ट्यावरून माल परत गाळणीला जाईल आणि गाळल्यावर त्याची अंबारीच होईल.'

"ताई, एवढं लिवून घ्या की," ते म्हणाले. "मी तोंडानं सांगितलेलं हितं कुणाच्या ध्यानात ऱ्हात न्हाई."

मी नागराज सरांकडे बघितलं. ते म्हणाले, की लाँचच्या तोंडावर असले नकारात्मक मुद्दे नकोत. चौदाला हात लावायचा म्हणजे कायदा विभाग, मग अबकारी खातं, मग संचालक मंडळ. दिवाळी हातची जाईल. मग 'इतर विषय' या मथळ्याखाली काय लिहू, असं मी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले.

पाच चाळीस झाले होते. देवश्रीचं पाळणाघर सहाला बंद होतं. सहा वाजून गेले की ती बूट घालून, दप्तर पाठीला लावून दाराशी भिंतीला टेकून उभी राहते. रडत नाही, नुसती उभी राहते. मी टाइप केलं: 'इतर विषय: नाहीत.' कागद मात्र फेकवेना, तो पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. सव्वासहाला पोचले. ती उभी होती.

पाचवी पायरी, लाँच. पट्ट्यावर पारव्याची पहिली बाटली आली. आप्पाजींनी ती दिव्यापुढे धरली. गढूळ होती. त्यांनी पट्टा थांबवला (तीस वर्षांत तिसऱ्यांदा) आणि नागराज सरांना फोन लावला. सर विमानतळावर होते. म्हणाले, पद्धतीप्रमाणे करा. आप्पाजींनी पद्धतीप्रमाणे केलं. एक लाख चाळीस हजार बाटल्यांचा माल परत गाळला गेला आणि काचेसारखा लख्ख होऊन बाहेर पडला. लेबलावर जाड अक्षरांत छापलं होतं: 'मनमुराद गढूळ'.

समारंभ एका मोठ्या हॉटेलात होता. अध्यक्षांनी बाटली उंच धरली, मागून दिवे लागले, आणि बाटलीच्या पलीकडून अध्यक्षांचा चष्मा, भुवया आणि कपाळावरचं गंध सगळ्या सभागृहाला स्वच्छ दिसलं. यानंतर मार्केटिंगने जी तत्परता दाखवली तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. दोन दिवसांत नवं घोषवाक्य तयार झालं: 'गढूळपणा, जो डोळ्यांना दिसत नाही.' बाटल्यांवर चिकटवायला सूचनाही छापली: 'दिसण्यासाठी हलवा.' हलवल्यावर फेस यायचा आणि अंगावर उडायचा. कोरमंगलाच्या पीजीतल्या पोरापोरींनी त्याचे व्हिडिओ केले, ते बारा लाख लोकांनी बघितले, आणि कंपनीने ते 'ग्राहकांचा उत्स्फूर्त सहभाग' या सदरात धरले. चव कशी वाटली, या प्रश्नाला अठ्ठ्याऐंशी टक्के लोकांचं उत्तर होतं, अंबारीसारखी. यातून अंबारीवरची निष्ठा सिद्ध झाली.

तरीपण चूक झाली होती, आणि चूक झाली की ती कोणाची तरी असावी लागते. देवश्रीच्या बालवाडीत याबाबतची पद्धत फारच मागासलेली आहे. पाणी सांडलं, खडू मोडला, की टीचर विचारतात, कोणी केलं? ज्याने केलं तो हात वर करतो, फडकं आणून पुसतो, आणि सगळे परत गाणं म्हणायला लागतात. मोठ्या संस्थेत एवढ्याने भागत नाही. तिथे जबाबदारी निश्चिती समिती लागते, आणि त्या समितीवर विषयाची पूर्ण माहिती असलेली माणसं लागतात. पूर्ण माहिती दोघांनाच होती. त्यामुळे नागराज सर अध्यक्ष झाले, आणि मी सचिव.

समितीने तर्काला धरून विचार केला. बाटली गढूळ जायला हवी होती, ती स्वच्छ गेली. स्वच्छ करून सोडणारा माणूस एकच. तो नियम चौदाप्रमाणे वागला हे खरं. पण नियम पाळल्याने काय होईल, हे तीस वर्षांच्या अनुभवाने त्याला कळायला हवं होतं. कळलं असेल तर त्याने लेखी कळवायला हवं होतं. कळवलं होतं का? इतिवृत्त काढून बघितलं. इतर विषय: नाहीत.

अहवाल मी लिहिला. पाच पानं, भाषा संयत. पान तीनवर असं आहे: 'संबंधित कर्मचाऱ्याकडून कोणतीही लेखी पूर्वसूचना मिळाल्याचे आढळत नाही.' यात खोटं काही नाही. तो कागद माझ्या पर्समध्ये पाळणाघराच्या पावतीला चिकटून बसला होता, आणि पर्स समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हती. सही मी रोजच्यासारखीच केली, खाली दोन टिंबं देऊन.

वरचा माणूस म्हणाला म्हणून, किंवा घरी कोणीतरी बूट घालून वाट बघत होतं म्हणून, असल्या कागदावर ज्यांनी आजवर एकदाही सही केलेली नाही, त्यांनी वाचन इथेच थांबवावं. पुढचा मजकूर त्यांच्यासाठी नाही.

(वाचताय ना. मला वाटलंच.)

अशा रीतीने, तीस वर्षांत एकही गढूळ बाटली जाऊ दिली नाही म्हणून ज्याचं नाव भिंतीवर लागणार होतं, त्याने एक लाख चाळीस हजार गढूळ बाटल्या जाऊ दिल्या नाहीत म्हणून ते लागलं नाही. आप्पाजींना सन्मानाने घरी पाठवायचं ठरलं.

परवा शुक्रवारी निरोप समारंभ झाला. पाळणाघराला सुटी होती म्हणून देवश्रीला बरोबर नेलं. नागराज सरांनी आप्पाजींना शाल घातली आणि शिस्तीचं महत्त्व या विषयावर अकरा मिनिटं बोलले. भागुबाई आल्या होत्या. त्यांना कोणी काही कळवलेलं दिसत नव्हतं. नऊवारी, हातात पिशवी, पिशवीत सगळ्यांसाठी घरचे लाडू. त्यांना वाचता येत नाही. कँटीनच्या भिंतीपुढे उभ्या राहून त्यांनी चारही पट्ट्यांवरून एकेक करून हात फिरवला आणि विचारलं, "ह्यातलं तुझं कंचं, आप्पा?"

"अजून बसवायचं हाय, अक्का," आप्पाजी म्हणाले. "ही बघ, भोकं पाडून ठेवल्यात."

देवश्रीने त्या दोन भोकांत दोन बोटं घालून बघितली. मग आप्पाजींनी तिला उचलून आपल्या स्टुलावर बसवलं, दिवा लावला, आणि बाटली कशी धरायची ते दाखवलं. वरून धरायची नाही, मानेला धरायची. बाटलीकडे बघायचं नाही, बाटलीतून बघायचं. शेवटी खिशातला टॉर्च काढून तिला देऊन टाकला. मला त्यांनी कागदाचं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "पोरीचं डोळं चांगलं हाइत, ताई."

परत येताना कॅबमध्ये देवश्रीने विचारलं, आजोबा घरी का जाणार? मी म्हटलं, एक चूक झाली होती. ती "हं" म्हणाली आणि टॉर्चचा उजेड ड्रायव्हर अण्णांच्या मानेवर पाडत बसली.

सहावी आणि शेवटची पायरी काल पार पडली. कंपनीने गुब्बी विकत घेतली. दुकानांत पवित्राला जागा उरली नव्हती, आणि महिन्याभरापूर्वी तिच्या शेडच्या मालकाने शेड आम्हाला विकली होती. (तिसऱ्या पायरीचाच विस्तार.) उत्तर देण्याची ही सर्वांत सभ्य रीत आहे: प्रश्नच घरी आणायचा. यापुढे गुब्बी आमच्याच पट्ट्यावर भरली जाईल आणि तिला आमचे सगळे नियम जसेच्या तसे लागू होतील. उद्या सोमवारी एकत्रीकरण समितीची पहिली बैठक आहे.

कागदपत्रं उरकून निघताना पवित्रा माझ्या टेबलाशी थांबली. तिने चार घड्या घातलेलं वहीचं पान माझ्यापुढे ठेवलं. कन्नडमध्ये होतं, पण एवढं मला वाचता येतं. नियम चौदा आधी लेखी बदलावा, नाहीतर गुब्बीची अंबारी होईल.

"अक्का, आप्पाजी म्हणाले तुमच्याकडेच द्यायला," ती म्हणाली. "तुमच्याकडे दिलेला कागद हरवत नाही म्हणे."

दोन्ही कागद आता आमच्या फ्रिजवर एका मॅग्नेटखाली आहेत. मॅग्नेट हत्तीचं आहे, कंपनीची दिवाळी भेट. नागराज सरांनी उद्याची विषयपत्रिका सकाळीच पाठवून ठेवली. वेळ वाचावा म्हणून तिच्याबरोबर उद्याचं इतिवृत्तही पाठवलं आहे, फक्त उपस्थितांची नावं घालायची बाकी. शेवटची ओळ नेहमीचीच आहे. बैठक पाचला सुरू होईल.

देवश्री उठली. केस एका बाजूने चपटे, गालावर उशीची घडी, हातात टॉर्च. फरशीवरचं झाकण बघून तिने टीचरच्या आवाजात विचारलं, "हे कोणी पाडलं?"

"कोणी नाही गं. पीठ फुगलं, त्याने पाडलं."

तिने झाकणावर उजेड पाडला, मग पिठावर पाडला. पटलं. माझ्या मांडीवर चढून बसली आणि टॉर्च माझ्या चेहऱ्यापुढे धरला. शिकवला होता तसा, नीट, एक डोळा मिटून, पलीकडचं दिसतंय का ते बघत.

"आई, आजोबांच्या तिथे चूक झाली, तेव्हा टीचरनी विचारलं?"

"विचारलं."

"मग हात कोणी वर केला?"